बेचाळिसावा हात

१

लखोटा उघडला आणि आतून भलताच कागद निघाला.

नायब तहसीलदार नारायणराव तो चावडीत मोठ्यानं वाचत होते. "आम्ही खाली अंगठे करणाऱ्या बाया लिहून देतो की, भगवानराव यांच्या खानावळीत दारू मिळते त्याचा आम्हांस काडीचाही उपद्रव नाही. उलट खानावळीच्या कंदिलामुळे विहिरीच्या वाटेवर उजेड असतो. सबब परवाना पुढे चालू ठेवावा."

दाराबाहेर उभी असलेली रुखमाबाई पुढे आली. पायरी चढली नाही, पण आवाज आत पोचवला.

"सायेब, हा कागद आमचा नाही!"

मी तिथं काय करत होतो? माझं दुकान चावडीच्या भिंतीला टेकलेलं. मी तुळशीराम कासार. सत्तावन्न वर्षं बांगड्या भरल्या. बाईचा हात हातात घेतला की तिच्या घरी काल काय शिजलं ते मी सांगत असे. एकदा जालन्याला पडद्यातल्या घरचा हात दाराच्या फटीतून बाहेर आला. मी म्हणालो, "बाई, पाचवा महिना लागला तुम्हाला." आत भांडं पडल्याचा आवाज झाला. तुम्हाला हे खोटं वाटेल. मलाही वाटलं असतं, पण बारशाचे पेढे मी स्वतः खाल्ले.

गावाचं नाव मात्र सांगणार नाही. देऊळगाव राजा आणि जानेफळ यांच्या मधलं बाजारगाव, एवढ्यावर भागवा. नाव सांगितलं तर दोन घरं अजून माझ्या दारी दगड घेऊन येतील, आणि या वयात मला पळवत नाही. साल अठ्ठावीस. वऱ्हाडाचा कारभार तेव्हा नागपूरहून चाले आणि दारूचा परवाना नवा करायचा तर साहेब मोका, म्हणजे ती जागा, तपासायला येई. आजूबाजूच्या रहिवाशांना त्रास आहे की नाही ते बघे आणि शेरा मारे. या खेपेला शेरा तीन वर्षांसाठी पडणार होता.

भगवानरावांची खानावळ विहीरआळीच्या तोंडाशी. त्रेचाळीस उंबऱ्यांची आळी. पाण्याला जायचं तर खानावळीवरूनच जावं लागे. दोन वर्षांपूर्वी खानावळीला परवाना मिळाला आणि जिनातून, म्हणजे कापसाची सरकी काढायच्या कारखान्यातून, सुटलेले गडी पिऊन विहिरीच्या काठावर बसायला लागले. महिन्यापूर्वी एकानं आशाबाईचा पदर ओढला. ती भरल्या घागरीनिशी पायऱ्यांवरून खाली गेली. डावा हात कोपराखाली मोडला. हातातल्या साऱ्या बांगड्या गेल्या.

त्यानंतर रुखमाबाईनं आळी उठवली. बायांनी अर्ज केला, लखोट्यात घातला, लाखेनं बंद केला आणि आठ दिवसांपूर्वी गावचा कारभार बघणाऱ्या कमिटीच्या कचेरीत दिला. साहेबासमोरच फोडायचा असं सांगून दिला. तो हा लखोटा.

"शिक्का शाबूत होता, बाई," नारायणराव म्हणाले. "तुम्ही सगळ्यांनी पाहिलंत. एकेचाळीस अंगठे आहेत."

"एक्केचाळीस?" रुखमाबाईच्या कपाळाला आठी पडली. "आमी तं बेचाळीस होतो!"

कमिटीचे सभासद उकंडराव हसले. जिन त्यांचा, खानावळीची इमारत त्यांची, आळीतले निम्मे नवरे त्यांच्या कामावर. "सायेब, बायकांचं असंच. सकाळी एक, दुपारी एक. मोजताही येत नाही आन् बोलणंही थांबत नाही."

कमिटीचे कारकून चिंतामणराव साहेबाच्या शेजारी बसून टाचण घेत होते. मान खाली, डाव्या हाताच्या अनामिकेला चिंधी, अक्षर मोत्यासारखं. त्यांनी तेही वाक्य लिहून घेतलं.

"उद्या दुपारी बाराला मी शेरा लिहिणार," नारायणराव म्हणाले. "तोवर कोणाला काही दाखवायचं असेल तर दाखवा. नुसत्या ओरडण्याचा पुरावा होत नाही."

रुखमाबाई माझ्या दुकानापुढे येऊन उभी राहिली. "कासारभाऊ, तुमी आमचे हात वळखता. मंग हे अंगठे कोनाचे ते सांगा. नाही सांगता आलं तं उद्यापासून आमच्या आळीत पाय टाकू नका."

सत्तावन्न वर्षांत असं गिऱ्हाईक मला दुसरं मिळालं नाही.

२

दुपारी चावडी रिकामी झाल्यावर मी नारायणरावांपुढे गेलो.

"सायेब, कागद मागाऊन पाहू. आधी ती लाख दाखवा."

त्यांनी फोडलेल्या लाखेचे तुकडे पुढे सरकवले. मी एक उचलून उन्हात धरला. तांबडी, मंद, मेलेली लाख.

"बायांनी लखोटा बंद कराले लाख माह्याकडून नेली होती. मी लाखेच्या बांगड्या करतो. माह्या लाखेत चिमूटभर अभ्रक असते, उन्हात धरली की चांदण्यावानी चमकते. हे पाहा. चमकते का?"

नारायणरावांनी तुकडा फिरवून पाहिला. चमकत नव्हता. त्यांनी मेजावरची कचेरीची लाखेची कांडी उचलून शेजारी धरली. दोन्ही बहिणी-बहिणी.

"म्हणजे लखोटा उघडला, कागद बदलला आणि कचेरीच्याच लाखेनं पुन्हा बंद केला," ते सावकाश म्हणाले. माणूस शहाणा होता. "पण बायकांनीच मन बदलून कागद बदलवला नसेल कशावरून?"

"आता कागद दाखवा."

त्यांनी आपलं वाचायचं भिंगही दिलं. अक्षर मुद्दाम वाकडं काढलेलं, कोणाचं ते ओळखू येत नव्हतं. मी पहिल्यांदा नावं वाचली आणि हसलो.

"पुंजाजीची लेक, सोनाळ्याची. कडूबाची लेक, जानेफळची. सायेब, यात एकीच्याही नवऱ्याचं नाव नाही."

"हो, ते माझ्याही लक्षात आलं. का?"

"नवऱ्याचं नाव बाई तोंडानं घेत नाही, हे एक. आन् नवऱ्याचं नाव कागदावर आलं तं उकंडराव त्याले दुसऱ्या दिवशी जिनातून काढतील, हे दुसरं. म्हणून बायांनी माहेरची नावं देल्ली. मी या गावात अन् भोवतालच्या शंभर गावांत बांगड्या भरतो, म्हणून मले ठाऊक आहे की पुंजाजीची लेक म्हंजे रुखमाबाई. गावातल्या दुसऱ्या कोन्या बाप्याले ही एक्केचाळीस माहेरं सांगता येनार नाहीत. खोटा कागद कोनी मनानं लिहिला असता तं नवऱ्यांची नावं घातली असती. ज्यानं हा लिहिला त्याच्यापुढं खरा कागद होता."

नारायणराव खुर्चीत सरळ झाले. "आणि अंगठे?"

मी भिंग अंगठ्यांवर धरलं. माझ्या हातून कागद जवळजवळ सुटलाच.

हंगाम कापूस वेचणीचा. विहीरआळीच्या बाया पहाटे भांडी राखेनं घासतात, भाकरी थापतात आणि दिवसभर बोंडं वेचतात. बोंडाची टोकं अंगठ्याला चिरे पाडतात. त्या दिवसांत त्यांचे अंगठे उन्हाळ्यातल्या नांगरटीसारखे दिसतात. आणि या कागदावर एकेचाळीस अंगठे, त्यात एकालाही भेग नाही! बारीक, स्वच्छ, नीट रेघा. कापूस राहू द्या, ज्यानं कधी घागरही घासली नसेल असा हात.

"सायेब, हा एक मानूस आहे."

"एक? पण ठसे वेगवेगळे आहेत."

"बोटं वेगवेगळी आहेत. अंगठा, तर्जनी, करंगळी, समदं टेकवलं. पहिला ठसा पाहा आन् दहावा पाहा. आता दुसरा अन् अकरावा."

नारायणरावांनी भिंग माझ्या हातून जवळजवळ हिसकावून घेतलं. ओठ हलवत मोजायला लागले. बराच वेळ मोजत होते.

"दर नऊ ठशांनी तेच," ते म्हणाले. "तुळशीराम, माणसाला बोटं दहा असतात."

"हाव सायेब."

"मग दहावं कुठं गेलं?"

गावात नऊ बोटांचा माणूस एकच होता. डाव्या हाताचं मधलं बोट उसाच्या चरकात गेलेला. ज्याच्या परवान्याचा हा सगळा खेळ चालला होता तो खुद्द भगवानराव.

३

मी खांद्यावर बांगड्यांच्या लडी टाकल्या, मेण मिसळून मऊ केलेल्या लाखेचे तीन गोळे केळीच्या पानात बांधले आणि निघालो. साहेबाला एवढंच सांगितलं, "दोन किल्ल्या कोनाकडं असतात तेवढं विचारून ठेवा." लखोटा ठेवला होता त्या कमिटीच्या पेटीला दोन किल्ल्या होत्या. एक चिंतामणरावांकडे, दुसरी उकंडरावांकडे.

भगवानराव चुलीपुढे बसले होते. हातानंच तव्यावरची भाकरी उलटत होते, उलथनं वगैरे भानगड नाही.

"काय बे तुळश्या, आमची शिकार कराले आला का?"

"पुष्पावहिनीसाठी लाखेचा जोड करतो म्हनलं. लाख कशी झाली ते दाबून पाहा बरं."

त्यांनी गोळा घेतला, नऊही बोटांनी दाबला आणि परत दिला. मी पाहिला. नदीतल्या गोट्यासारखा गुळगुळीत. वीस वर्षं तव्यावर हात भाजून घेतलेल्या माणसाच्या बोटांना रेघ उरते कुठं?

म्हणजे हा नव्हे. मला, खरं सांगतो, थोडं वाईट वाटलं. नऊ बोटांचा माणूस सापडला आणि बोटांनीच सोडवला.

"भगवानराव, लखोट्याचं तुमाले काही ठाऊक?"

"आईची आन, नाही." त्यांनी भाकरी टोपल्यात टाकली. "मी भाकरीवर सुखी होतो. दारूचं तं उकंडरावांनी डोक्यात घातलं, जागा त्यायची म्हनून. आता माही बायकोच माह्याशी बोलत नाही. पुष्पीनं बी अंगठा केला असता, पन बायांनीच तिले बोलावलं नाही."

हे वाक्य मी गाठीला बांधून घेतलं. आळीत त्रेचाळीस उंबरे. पुष्पाबाई वगळली तर बेचाळीस. कागदावर एकेचाळीस. मग एक उंबरा राहिला कुठं?

उकंडराव जिनाच्या ओट्यावर लोडाला टेकून बसले होते. माझ्या खांद्यावरच्या लडी बघून मोठ्यानं म्हणाले, म्हणजे गड्यांनाही ऐकू जावं, "कासारा, बायकांची वकिली करून राह्यला म्हने! मंग तूच भर की बांगड्या!"

गडी हसले. मीही हसलो आणि हात पुढे केला. मनगटावर काकणं होतीच. नमुना म्हणून मी रोज घालत असे. "मी तं भरल्या, मालक. सत्तावन्न वर्सं भरतो. बांगडी घातलेला हात पानी शेंदतो, बोंडं वेचतो, भाकर करतो. तुमच्या हातानं आज काय केलं?"

ते 'सत्तावन्न वर्षं' तेव्हा तिशीच्या आतच होतं. पण वाक्य चांगलं जमलं होतं, म्हणून मी आकडा वाढवला. पुढं तो खराच झाला.

हसणं बंद झालं. उकंडरावांचा चेहरा तांबडा झाला. मी लाखेचा गोळा पुढे केला. "भेत नसाल तं दाबा."

"भितो कोन बे!" त्यांनी गोळा असा आवळला की दहाच्या दहा बोटं रुतली. मऊ हात, नीट रेघा. अगदी कागदावरच्यासारखा हात. पण बोटं दहा, आणि दहाही धडधाकट.

"आन् ऐक," ते खालच्या आवाजात म्हणाले. "त्या आळीत तुह्या बांगड्या लई खपतात. परवाना गेला तं तुहाच धंदा बसंल. कवा इचार केला?"

केला होता. त्या प्रश्नानंच माझी दोन वर्षं झोप गेली होती. पण ते मी त्यांना सांगितलं नाही.

४

रुखमाबाई आशाबाईच्या अंगणात बसली होती. आशाबाईचा हात बांबूच्या कामट्यांत बांधलेला.

"रुखमाबाई, खरा अर्ज लिहिला कोनी? तुमच्यातल्या एकीले बी लिहिता येत नाही."

आशाबाईनं दुसरीकडे पाहिलं.

"ते इचारू नका, कासारभाऊ," रुखमाबाई म्हणाली. "शपथ घातली हाय तिनं. एक्केचाळीस अंगठे अन् खाली तिची सही. नाव नाही सांगनार. परवाना गेला तं गेला, राह्यला तं राह्यला."

"नका सांगू. एवढंच सांगा, तिनं सही केली तवा हात थरथरला?"

"नाही," आशाबाई पटकन बोलली. "आमचे थरथरले. तिचा नाही."

मी उठलो. आळीत लिहिता येणारं घर एकच होतं, शेवटचं, तुळशीवृंदावनाचं. चिंतामण कारकुनांचं. त्यांच्या पत्नी प्रतिमाबाई चार इयत्ता शिकलेल्या. त्यांचं लग्न झालं तेव्हाचा हिरवा चुडा मीच भरला होता.

आणि त्या वर्षात मी त्यांच्या हातात तीनदा बांगड्या भरल्या होत्या. दर वेळी त्या म्हणत, "घागर लागली आणि वाढवली." आमच्याकडे बांगडी फुटली असं म्हणत नाहीत, तो अपशकुन. वाढवली म्हणतात. मीही मान हलवत असे. पण त्यांच्या घरी पाणी मोलानं सोजराबाई भरते, हे मला ठाऊक नव्हतं का? ज्या बाईनं घागर उचललीच नाही तिच्या बांगडीला घागर लागते कशी?

भगवानरावांच्या खानावळीत एक पडदा होता. अब्रूदार माणसं त्याच्या मागं बसत.

मी वृंदावनापाशी पोचलो तर चिंतामणराव ओट्यावर होते. आतून प्रतिमाबाईंनी मला पाहिलं आणि त्या दाराआड झाल्या.

"रावसाहेब, नवी लाख आहे. दाबून सांगता का, वैनींच्या हाताले कडक होईल का?"

त्यांनी गोळा घेतला. माणूस भ्यालेला असला की सांगितलं तसं करतो. त्यांनी दाबला. डाव्या अनामिकेवर चिंधी होती, ते बोट त्यांनी वर धरलं.

"बोटाले काय झालं?"

"पोळलं."

"लाखेनं?"

गोळा त्यांच्या हातून खाली पडला. तो उचलताना मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. दाराच्या फटीकडे पाहिलं. तिथं एक हात दिसत होता, चौकट घट्ट धरलेला. मी हात ओळखतो. त्या हाताला सगळं समजलं होतं.

५

दुसऱ्या दिवशी बाराला चावडी भरली. उकंडराव पुढे, भगवानराव मागे, चिंतामणराव मेजाशी टाचणाला. मी तीन गोळे मेजावर ठेवले आणि सगळं सांगितलं. लाखेची गोष्ट, माहेरांची गोष्ट, भेगा नसलेल्या अंगठ्यांची आणि नऊ बोटांची.

नारायणरावांनी भिंग घेतलं. पहिला गोळा उचलला. "यावर रेघा नाहीत." बाजूला ठेवला. दुसरा. "याला दहा ठसे आहेत आणि एकही जुळत नाही." उकंडरावांनी नाकानं आवाज केला.

तिसऱ्यावर भिंग बराच वेळ थांबलं. साहेबांनी कागद जवळ ओढला. गोळा, कागद. कागद, गोळा.

"नऊच्या नऊ," ते म्हणाले. "तुळशीराम, हा गोळा कोणाचा?"

आणि इथं, लोकहो, माझी जीभ टाळूला चिकटली.

सांगायला काय, एक नाव. पण ते नाव उच्चारलं की एका घराची कौलं उडणार होती. मी त्या घरात चुडा भरला होता. मला वाटलं होतं, साहेब स्वतःच चिंधी पाहतील. पण चिंतामणरावांनी हात मेजाखाली घेतला होता.

"तुळशीराम? मला नाव हवं. नाव नाही तर पुरावा नाही."

उकंडराव उठले. "याले नाव सांगता येत नाही, सायेब! समदं कुभांड हाय. शेरा मारा."

नारायणरावांनी दौतीत टाक बुडवला.

"चिंतामण."

आवाज दारातून आला होता. सगळ्यांच्या माना वळल्या.

प्रतिमाबाई चावडीची पायरी चढून आत आल्या होत्या. डोक्यावर पदर, पण नजर सरळ. आमच्या मुलखात बाई नवऱ्याचं नाव घेते ते लग्नाच्या पंगतीत, यमक जुळवून, तोंडाला पदर लावून. त्या दिवशी यमक नव्हतं.

"कागद बदलणाऱ्याचं नाव चिंतामण. ते माझे यजमान आहेत. आणि खरा अर्ज मी लिहिला होता."



चिंतामणराव उभे राहिले. त्यांनी किल्ली काढून मेजावर ठेवली. "मला फक्त नावं पाहून सांगायला सांगितलं होतं," ते उकंडरावांकडे न बघता म्हणाले. "लाख तापवली, बोट पोळलं, कागद काढला. आणि पहिल्या ओळीवर हिचं अक्षर." त्यांनी पोळलेलं बोट मुठीत धरलं. "तो कागद इथं वाचला गेला असता तर माझं घर, माझी जागा... लखोटा तर वहीत नोंदलेला. रिकामा कसा फोडू देणार? म्हणून..."

"म्हनून एक्केचाळीस जनींच्या नावानं लिहिलं," दारातून रुखमाबाई म्हणाली, "अन् आपल्या बायकोचं तेवढं गाळलं. तिचं नाव दारूच्या कागदावर नको. आमचं चालते!"

तेच तर. मला चिंधीतल्या बोटाच्या आधी त्या गाळलेल्या नावानं रस्ता दाखवला होता.

"बायकांनी चावडी चढायची?" उकंडराव ओरडले. कारण रुखमाबाई एकटी नव्हती. तिच्या मागे आशाबाई होती, आशाबाईच्या मागे आळी. प्रतिमाबाईंनी सकाळी उंबरा-उंबरा फिरून सगळ्यांना उठवलं होतं.

"तुमच्या खानावळीपुढून आमी रोज चार खेपा जातो," रुखमाबाई म्हणाली, "तवा चढलं का उतरलं कोनी इचारलं नाही. आता काऊन इचारता?"

"जिनात काम करतात ना तुमचे नवरे?"

"करतात. काढा. समद्यांले एकदम काढा. मंग कापूस तुमी पिंजा, बोंडं तुमी वेचा."

कोणीतरी मागून हसलं. मला वाटतं ते भगवानराव असावेत.

प्रतिमाबाईंनी साहेबापुढचा कोरा कागद आपल्याकडे ओढला. विचारलं नाही. बसल्या आणि तोच अर्ज पुन्हा लिहिला, तोंडपाठ, एकही शब्द न अडखळता. खाली सही केली. मग बाया ओळीनं आल्या. भेगाळलेले, चिरलेले, राखेनं काळवंडलेले अंगठे एकामागून एक कागदावर पडले. शेवटी एक अंगठा जास्त निघाला. पुष्पाबाई होती. भगवानरावांनी वर पाहिलं नाही, पण अडवलंही नाही.

नारायणरावांनी कागद वाळू दिला. "अर्ज खरा, हे मान्य. पण नियमाप्रमाणे मला त्रासाचा पुरावा लागतो. आशाबाईंचा हात दिसतो. बाकीच्यांचं काय?"

घरातलं चावडीत कोण सांगणार?

"मी सांगतो, सायेब," मी म्हणालो. "परवान्याच्या आधी या आळीत एक बाई वर्सातून दोनदा हात पुढं करे, संक्रांतीले अन् नागपंचमीले. परवाना मिळाला अन् तीच बाई महिन्याच्या महिन्याले हात पुढं कराले लागली. कोनाले घागर लागते, कोनाले कवाड लागते, कोनाले खांब लागतो. गाव तेच, घागरी त्याच, खांब तेच. दोन वर्सांत माहा धंदा तिप्पट झाला. मी दिवसा खुशीत पैसे मोजले अन् रात्री जागा राह्यलो. त्या बांगड्या कशानं वाढल्या ते मले हात धरल्याबरोबर समजत होतं, अन् मी बोललो नाही. माहा गुन्हा तेवढा लिहून घ्या."

उकंडराव म्हणाले, "लिहा! आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतोय येडा!"

"पाय माहा, धोंडा माहा," मी म्हणालो. "तुमी आपले पाय सांभाळा."

नारायणरावांनी शेरा लिहिला. एकच ओळ. परवाना नामंजूर. मग दुसऱ्या कागदावर उकंडराव आणि चिंतामणराव यांच्याबद्दल वर कळवायचं लिहिलं, ती ओळ बरीच लांब होती.

चिंतामणरावांची जागा गेली. पुढं ते पोरांच्या शिकवण्या करत. त्यांनी उरलेल्या जन्मात दारूला बोट लावलं नाही असं मी सांगितलं तर तुम्ही म्हणाल, म्हातारा थापा मारतो. म्हणून सांगत नाही. खानावळ भाकरीवर चालली आणि बरी चालली. जिनातून एकही गडी निघाला नाही. वेचणीच्या ऐन हंगामात विहीरआळीला हात लावायची छाती उकंडरावांना झाली नाही.

माझा धंदा मात्र त्यांनी म्हटल्याप्रमाणे बसला. ते खोटं बोलले नव्हते.

आशाबाईचा हात सांधला त्या दिवशी मी तिच्या अंगणात बसलो. कामट्या सोडल्या होत्या, हात बारीक झाला होता, कोपराखाली किंचित वाकडा. मी तो हळूच धरला आणि सहा हिरव्या चढवल्या. उजव्या हातात सहा. एकूण बारा.

"कासारभाऊ, येत जा," ती म्हणाली.

वर्षभर मी त्या आळीत ओरडत गेलो आणि भरल्या लडी घेऊन परत आलो. पुढच्या संक्रांतीला आशाबाईनं हात पुढे केले. मी आधी जुन्या मोजल्या.

बाराच होत्या.